तीन रकान्यांची वही

शाळेच्या महोत्सवानिमित्त मनोगत लिहावयास बसलो आणि सर्वांत आधी आठवली ती इंग्रजी वाक्प्रचारांची वही. नववीत इंग्रजीच्या बाईंनी ती आम्हां सर्वांना करायला लावली होती. प्रत्येक पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात इंग्रजी वाक्प्रचार, दुसऱ्यात त्याचा साधा अर्थ आणि तिसऱ्यात आपल्या घरी त्या प्रसंगी जे बोलतात ते. घरात मराठी, बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, पोहोचलो की हिंदी आणि वर्गात इंग्रजी, अशी आम्हां ग्वाल्हेरकर मुलांची रोजचीच ये-जा असल्याने तिसरा रकाना सहज भरेल असे वाटले होते. तसे झाले नाही.

पहिल्याच आठवड्यात 'पुलिंग समवन्स लेग' आला आणि साऱ्या वर्गाने 'पाय ओढणे' असे बिनदिक्कत लिहून टाकले. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याला वर चढू देत नाही. इंग्रजीतला मात्र खोटेच काहीतरी खरे म्हणून सांगून नुसती गंमत करत असतो. बाईंनी एकेका वहीत ते शब्द खोडून तांबड्या शाईने 'फिरकी घेणे' असे लिहिले.

'न्यूकॅसलला कोळसा नेणे' याचा अर्थ सांगताना, इंग्लंडातील टाईन नदीकाठच्या त्या गावाहून जहाजे भरभरून कोळसा लंडनला जात असे, तेव्हा तिथे कोळसा विकायला नेणे किती व्यर्थ, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून समजावले. 'उल्टे बाँस बरेली को' हे हिंदी उत्तर लगेच आले, पण बाईंना मराठी हवे होते. बराच वेळ कोणी बोलेना, मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मुरैन्याला गजक नेणे?" मुरैना हे आमच्या शेजारचे, गजक या तिळाच्या मिठाईसाठी प्रसिद्ध असलेले गाव. कोणत्याही कोशात नसलेले ते उत्तर बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, याचे मोल मला पुढे अनुवादाचे काम करू लागल्यावर कळले.

सर्वांत रंगला तो 'वॉटर्लू'चा तास. 18 जून 1815 रोजी बेल्जियममधील वॉटर्लूजवळ नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला, त्यावरून आजवर जिंकत आलेल्या माणसाला अखेर मात देणारा प्रसंग गाठणे असा अर्थ रूढ झाला. तिसऱ्या रकान्यात आम्ही एकमुखाने 'पानिपत होणे' लिहिले. 14 जानेवारी 1761 चे पानिपत शिंद्यांच्या या गावात कोणी वेगळे सांगावे लागत नाही. परंतु माझ्या शेजारचा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, वॉटर्लूनंतर नेपोलियन पुन्हा उठलाच नाही, तो सेंट हेलेना बेटावर कैदेत वारला. आपले महादजी तर पानिपतावर पायाने अधू झाले, तरी 1771 मध्ये दिल्लीला परत गेलेच ना?"

बाई क्षणभर थांबल्या. मग त्याच्या बाकाशी येऊन त्यांनी त्याच्या वहीत 'पानिपत होणे' या शब्दांआधी 'जवळपास' असे लिहिले आणि आम्हां सर्वांनाही तसेच लिहून घ्यायला सांगितले.