माईंच्या माहेरचं झाड

शनिवारी परत एकदा प्लांटिंग फील्ड्स या जुन्या बागेत जाऊन आलो. लाँग आयलंडच्या या उत्तर किनाऱ्याला गोल्ड कोस्ट म्हणतात, शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या बड्या धनिकांनी इथे बंगले आणि भोवती शेकडो एकर बागा केल्या, मग इन्कम टॅक्स आला, १९२९ ची मंदी आली, एवढे नोकर-माळी ठेवणं जमेना आणि बरेचसे बंगले पाडून प्लॉट पडले. ऑयस्टर बेजवळची ही ४०९ एकरांची जागा वाचली कारण मालक विल्यम को यांनी १९४९ मध्ये ती राज्य सरकारला देऊन टाकली. घर आहे भव्य, आधीचं १९१८ ला जळालं म्हणून परत बांधलेलं, ट्यूडर म्हणजे जुन्या इंग्लिश पद्धतीचं. पण माझा जीव अडकलाय तो एका झाडात, जे आता तिथे नाहीच.

विल्यमच्या बायकोचं नाव Mai, मी आपली पाटीवर ते 'माई' असंच वाचते! वडील स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे एच. एच. रॉजर्स, माहेर मॅसॅच्युसेट्समधलं फेअरहेवन. तिथली तांबूस पानांची दोन मोठ्ठी बीचची झाडं (समुद्राचा बीच नव्हे हं, वृक्ष) माईंसाठी १९१५ मध्ये मुळांच्या मातीसकट उपटून, बार्जवर (सपाट मालवाहू बोटीवर) घालून खाडीपलीकडून इथे आणली. पूर्ण वाढलेली झाडं! त्यांच्यासाठी रस्ते रुंद केले, वरच्या तारा उतरवल्या. एक जगलं नाही, दुसरं मात्र रुजलं. माई १९२४ लाच गेल्या, आणि ते झाड त्यांच्यामागे ऐंशीच्या वर वर्षं तिथे उभं होतं.

पैसा होता म्हणून जमलं, हे खरंच. पण दारात माहेरचं झाड हवं हे वाटणं पैशाचं नाही ना, मी इथे आले तेव्हा आईने अनंताचं रोप काढून ठेवलेलं, विमानातून रोपं सहजासहजी आणता येत नाहीत म्हणून ते तिथेच राहिलं, ती अजून फोनवर फुलं दाखवते. त्यामुळे प्लांटिंग फील्ड्सच्या हिरवळीवर गेलं की मला उगाच भरून येतं.

कोणी इकडे येणार असाल तर फेब्रुवारीत या. बाहेर बर्फ असतो आणि कमेलियाच्या काचघरात झाडं फुलांनी नुसती लगडलेली असतात, ही झाडं इथल्या थंडीत टिकणार नाहीत म्हणून त्यांच्यासाठी १९१७ च्या सुमारास ते अख्खं काचघर बांधलंय.