कोणाचा, कशापुरता, कुठवर?

स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीच्या वतीने मी लिहावं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. 'बाईंच्या वाक्यांबद्दल लिही, बाकी काही नको,' एवढाच निरोप होता. 'वतीने' हा शब्द वाचला आणि मी थेट नववीच्या वर्गात जाऊन बसलो. हा शब्द बाईंनी आम्हाला कधीच सहजासहजी वापरू दिला नाही.

मराठीच्या तासाला 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उरकायचा असतो. आमच्याकडे तो अख्खा तास चाले. एकदा बाईंनी फळ्यावर 'मुखत्यार' लिहिलं. मी झटकन वाक्य केलं : 'माझे काका मुखत्यार आहेत.' शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल शाईत तीन शब्द होते : कोणाचे? कशापुरते? कुठवर?

बाईंचं म्हणणं असं, की काही शब्द एकटे उभे राहूच शकत नाहीत. 'शेतकरी' म्हटलं की माणूस दिसतो. 'मुखत्यार' म्हटलं की त्याच्या मागे आणखी एक माणूस उभा असावा लागतो, ज्याने त्याला नेमलं तो. तो वाक्यात नसेल तर वाक्य अपुरं. मी पुन्हा लिहिलं : 'आजीने जमिनीच्या व्यवहारापुरते काकांना मुखत्यार नेमले.' त्याच्याखाली एकच खूण होती, बरोबरची. तिचा आनंद मला अजून आठवतो.

मग त्यांनी शब्दाची मुळं उकलली. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द, मूळ अर्थ 'निवडलेला'. 'ते माझ्या अखत्यारीत नाही' असं आपण रोज म्हणतो, तो अखत्यार म्हणजे मूळचा इख्तियार. दोघं एकाच धातूची भावंडं. ज्याला निवडलं तो मुखत्यार, आणि निवडल्यामुळे जे हाती आलं तो अखत्यार. हे कळल्यावर दोन्ही शब्द कायमचे माझे झाले.

पुढच्या आठवड्यात 'वकील' आला. एका मैत्रिणीने लिहिलं, 'महाराजांनी अफजलखानाकडे आपला वकील पाठवला.' वर्ग हसला, कारण आमच्या डोळ्यांपुढे काळा कोट आला. बाई हसल्या नाहीत. तिलाच उभं करून त्यांनी ते वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. १६५९मध्ये प्रतापगडाखालच्या भेटीआधी महाराजांच्या बाजूने पंताजी गोपीनाथ आणि खानाच्या बाजूने कृष्णाजी भास्कर बोलणी करत होते. दोघेही वकीलच. पुढे पेशवाईत दिल्ली दरबारी हिंगणे घराण्याने मराठ्यांची वकिली केली. कोर्टातला वकील हा त्याच शब्दाचा पुढचा प्रवास : आपल्याऐवजी बोलायला नेमलेला माणूस. छत्रपती राजारामांनी जिंजीला प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे पदच निर्माण केलं, हेही त्याच तासाला कळलं. इतिहासाच्या तासाला ही नावं पाठ केली होती. ती समजली मात्र मराठीच्या तासाला.

क्रियापदांबद्दल तर बाई फार काटेकोर होत्या. दूत धाडतात, मुखत्यार नेमतात, लोकप्रतिनिधी निवडून देतात, शिष्टमंडळ भेट घेतं. आणि हस्तक? 'हस्तक पेरतात,' त्या म्हणायच्या. कोणी लिहिलं की 'संस्थेने आपला हस्तक बैठकीला पाठवला', तर त्या विचारत, 'संस्था हे उघडपणे सांगेल का?' उघडपणे सांगणार असेल तर तो प्रतिनिधी. लपवणार असेल तरच हस्तक. एका शब्दाने माणसाची अब्रू जाते, म्हणून तो जपून वापरा, असं त्या कळवळून सांगायच्या. आज बातम्या वाचताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास टाकलेले दिसतात आणि मला खरंच वाईट वाटतं.

पण मला खरं शिकवलं ते एका निरोपाने.

सहावा तास वाचनालयात घ्यायचा होता. बाईंनी मला हेडसरांकडे परवानगी विचारायला पाठवलं. हेडसर म्हणाले, 'आज तिथे दुसरा वर्ग आहे. शुक्रवारी शेवटचा तास चालेल का?' मी मान डोलावली. 'हो सर, चालेल.' त्यांनी वहीत नोंद केली. शुक्रवारचा शेवटचा तास आमचा खेळाचा होता, हे मला जिना उतरताना आठवलं.

वर्गात येऊन सांगितल्यावर काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. बाई मात्र शांत होत्या. 'तुला निरोप दिला होता, होकार दिला नव्हता,' एवढंच म्हणाल्या. मग फळ्याकडे वळून त्यांनी तीन शब्द लिहिले : निसृष्टार्थ, परिमितार्थ, शासनहर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले दूतांचे तीन प्रकार. ज्याला कामाचा पूर्ण अधिकार, स्वतःच्या बुद्धीने ठरवायची मुभा, तो निसृष्टार्थ. ज्याला ठरावीक मर्यादेतच बोलायचं, तो परिमितार्थ. लिहून दिलेला संदेश जसाच्या तसा पोचवायचा, तो शासनहर. 'तुला मी शासनहर म्हणून पाठवलं, तू निसृष्टार्थ होऊन आलास.'

मला वाटलं, आता त्या हेडसरांकडे जाऊन ते बदलून घेतील. त्या गेल्या नाहीत. 'याने माझ्या वतीने शब्द दिला आहे. समोरच्याने तो माझाच मानला. आता तो मला पाळावा लागेल.' शुक्रवारी मैदानावर दुसऱ्या तुकडीचा आरडाओरडा ऐकत आम्ही वाचनालयात बसलो. बाईही आमच्यात बसल्या, शेवटच्या बाकावर, पुस्तक उघडून.

आज मी दस्त लिहिण्याचं काम करतो. कुलमुखत्यारपत्र, खास मुखत्यारपत्र, 'लिहून देणार तर्फे कुलमुखत्यार' हे शब्द दिवसभर हाताखालून जातात. १८७२च्या करार कायद्याचं कलम २३७ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. नेमणाऱ्याच्याच बोलण्यावागण्यामुळे समोरच्याला वाटलं असेल की या माणसाला अधिकार आहे, तर नेमणारा त्या व्यवहाराने बांधला जातो. वाचनालयातला तो शुक्रवारच की हा!

मध्यंतरी एक वयस्क बाई मुलाला घेऊन आल्या. 'सगळंच त्याच्या नावाने लिहा, मला काही कळत नाही,' म्हणाल्या. मुलगा चांगला होता, घाई मात्र त्यालाच होती. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना सावकाश विचारलं : नेमकं कशापुरतं? विकायचा अधिकार, की फक्त भाडं घ्यायचा? बँकेत सही करायचा? कधीपर्यंत? त्या विचारात पडल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, 'विकायचं नको. भाड्याचं आणि वीजबिलाचं तेवढं लिहा.' एका पानाचा कागद झाला. जाताना मुलाने विचारलं, 'हा किती दिवस चालेल?' 'आई आहे तोवर, आणि तिने रद्द केला नाही तोवर,' मी सांगितलं. आई गेल्यानंतरही जुन्या कागदावर सही करू पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. नेमणाराच उरला नाही तर मुखत्यार कोणाचा? करार कायद्याचं कलम २०१ हेच सांगतं. आमच्या वहीत ते लाल शाईने आधीच लिहिलेलं होतं.

बाईंचं अक्षर लहान होतं, काना थोडा डावीकडे झुकलेला. ती वही माझ्याकडे अजून आहे.

हा मजकूर काल रात्री तुकडीला वाचून दाखवला. मी शेवटी शाळेला सगळ्यांतर्फे एक देणगी जाहीर करणारं वाक्य घातलं होतं. त्यावर एकीने विचारलं, 'हे आपण ठरवलं होतं का?' ठरवलं नव्हतं. ते वाक्य काढून टाकलं आहे.