तुम्ही विचारलंत म्हणून: सहालाच बारमध्ये का?

‘दिवेलागणीलाच बारमध्ये? तेही दोघं जोडीनं?’ सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या निम्म्या ओळखीच्यांनी हे विचारून झालंय. पाठोपाठ, ‘स्वस्तात मिळते म्हणून ना?’

स्वस्तात मिळते हे खरंच. सहा ते आठ एकावर एक फुकट असतं, ते कोण सोडणार? पण आम्ही सहाला जातो ते बारमनसाठी. त्या वेळी त्याचे हात मोकळे असतात.

रात्री नऊला परमिट रूममध्ये कॉकटेल मागून बघा. बाटलीतलं सरबत, सोडा, वर लिंबाची चकती, झालं. त्याचा तरी काय इलाज? समोर दहा टेबलं ‘क्वार्टर आण, चकणा कुठाय’ करत असतात. तोच माणूस सहाला द्राक्षं ठेचत बसतो. फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षाला काय तोटा! तो मुद्दाम जरा आंबूस घड निवडतो. सोबत बिया काढलेली अर्धी हिरवी मिरची, साठ मिली जिन आणि शेकर भरून बर्फ. शेकर बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवायचा. त्यात बर्फाचं जे पाणी सुटतं ते हवंच असतं, नाहीतर जिनचा चटका घशाला लागतो. मग दुहेरी गाळणी. पहिल्या घोटाला द्राक्षच लागतं, मिरची मागाहून येते.

बेदाण्याची रम त्याहून भारी. काउंटरमागच्या काचेच्या बरणीत बेदाणा रममध्ये मुरत पडलेला असतो. गोडवा त्याचाच उतरतो, त्यामुळे साखरेचा पाक लागत नाही, नुसतं लिंबू पिळलं की पुरे. आणि मुरलेला बेदाणा वाया जात नाही, तो भडंगावर येतो. लसणाच्या तिखट भडंगात मधेच एक टपोरा, रम प्यालेला बेदाणा दाताखाली आला की हे माझ्या बशीकडे बघायला लागतात.

सगळंच जमतं असं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा तिचंही काहीतरी हवंच म्हणून त्यानं ओली हळद, आलं, मध आणि जिन असं एक काढलंय. मला तो सर्दीचा काढा वाटतो. ह्यांना आवडतो.

खायला अख्खा मसूर. ढाब्यावरचाच, पण इथं घट्ट आटवून भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर, वर कच्चा कांदा. थंडीत छोट्या ग्लासातून पांढरा रस्सा. तो मात्र कॉकटेलच्या आधी प्यावा, नंतर त्याची चव कळत नाही.

आमचा भाचा बावीसचा. बीअर आणि वाइनला कायद्यानं २१ पुरतात, जिन-रमला २५ पूर्ण लागतात. त्यामुळे तो बीअर पुढ्यात घेऊन आमच्या ग्लासांकडे बघत कुढतो. आमचं येणं-जाणं रिक्षानंच.

तुम्ही जाणार असाल तर एकच सांगते. एकावर एक म्हणजे दोन्ही ग्लास एकदम आणून ठेवतात आणि दुसऱ्याचं पाणी होतं. पहिला संपला की दुसरा हलव, असं आधीच सांगायचं. आणि आठनंतर गेलात, तर सरळ बीअर मागवा.