आमची वाटचाल : संस्थेचा संगणक, संघाचा सर्व्हर आणि मधले आम्ही

कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्थांना सॉफ्टवेअर देणारे आम्ही काही पहिले नव्हतो. २००६ च्या सुमारास लक्ष्मीपुरीत एका दुकानाच्या माडीवर दोन टेबलं टाकून सुरुवात केली, तेव्हा बाजारात तीन-चार जण आधीपासून होते आणि त्यांचे प्रोग्रॅम आमच्यापेक्षा दिसायला बरे होते. आम्ही टिकलो ते वेगळ्याच कामावर. संस्थेच्या टेबलावरचा जुना प्रोग्रॅम आणि संघाच्या मुख्यालयातला नवा सर्व्हर यांचं एकमेकांशी जुळवून देणं, आणि एकदा जुळलेलं मोडू न देणं, हे ते काम. बरीच वर्षं ते आम्ही फुकटात केलं. आज निम्म्याहून जास्त उत्पन्न त्याच कामातून येतं.

ज्यांनी दूध संस्था आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळ-संध्याकाळ उत्पादक किटली घेऊन येतो. काट्यावर लिटर, मशीनवर फॅट, डिग्री (लॅक्टोमीटर या दुधाची घनता मोजणाऱ्या साधनावरचा आकडा), त्यावरून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातून दर आणि हातात पावती. दर दहा दिवसांनी बिल : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. संस्था ते दूध संघाला घालते आणि संघ संस्थेला पैसे देतो. म्हणजे संस्थेतला आकडा संघाकडे जसाच्या तसा पोचला तर बिल वेळेवर, नाहीतर सचिवांच्या दारात गर्दी. सुरुवातीला हा आकडा टेम्पोवाल्याबरोबर कागदावर जायचा, मग पेन ड्राइव्हवर, स्वल्पविराम घातलेली साधी टेक्स्ट फाइल म्हणून.

त्या काळातलं आमचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ आणि अ‍ॅक्सेसवर होतं. भुदरगड-राधानगरीकडच्या संस्थांत वीज जायची, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असायची, तरी ते चालायचं. अडचण यायची ती फाइल बनवताना. एका संघाला आधी उत्पादकाचा कोड हवा, दुसऱ्याला आधी तारीख. एकाला म्हशीसाठी ‘म’, दुसऱ्याला २. प्रत्येक संघासाठी प्रोग्रॅमची वेगळी प्रत करायची आणि ती सांभाळायची, ही तेव्हाची रीत. माझ्या भागीदाराने तिथे हट्ट धरला : संकलन आणि बिलाचा प्रोग्रॅम सगळीकडे एकच राहील, आणि संघाला माहिती पाठवणारा भाग वेगळा, छोटा, बदलता येईल असा. मला तेव्हा ते उगाच वाढवलेलं काम वाटत होतं. पुढे आमची सगळी मिळकत त्या छोट्या भागावर उभी राहिली.

मग संघांनी वेब सर्व्हिस आणली, म्हणजे प्रोग्रॅमने इंटरनेटवरून थेट सर्व्हरशी बोलायची सोय. आधी सोप ही बोलण्याची पद्धत आणि एक्सएमएल हा माहितीचा साचा, नंतर रेस्ट ही पद्धत आणि जेसन हा साचा. सोपला लोक नावं ठेवतात, पण त्यात एक गोष्ट चांगली होती : सर्व्हर काय घेतो आणि काय देतो याचा लेखी करार डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये मिळायचा. जेसन आल्यावर करार बऱ्याचदा फोनवर व्हायला लागला. ‘एक फील्ड वाढवलंय, बघून घ्या’ (फील्ड म्हणजे नोंदीतला एक रकाना) एवढाच निरोप, तोही बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी.

फील्ड वाढवणं दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक समजावून सांगण्यात आमचा फार वेळ गेला. सर्व्हर जे परत देतो त्यात एक फील्ड वाढलं, तर नीट लिहिलेला जुना क्लायंट, म्हणजे संस्थेच्या संगणकावरचा प्रोग्रॅम, त्याकडे बघतही नाही. ओळखीचं तेवढं उचलतो. पण सर्व्हर जे मागतो त्यात एक फील्ड सक्तीचं केलं, की गावागावातला प्रत्येक जुना क्लायंट त्या क्षणी बाद. २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यात द्यायचं ठरवलं. त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लागायचा. एका संघाच्या सर्व्हरवाल्यांनी लगेच तो रोजच्या संकलनाच्या नोंदीत सक्तीचा केला. आता सकाळी सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसाने किटलीतलं दूध कुठल्या गायीचं आहे ते कसं सांगायचं? घरच्या तीन गायींचं दूध एकाच किटलीत असतं. शेवटी आमच्या आग्रहावरून बिल्ल्यांची यादी वेगळ्या मार्गाने, उत्पादकाच्या माहितीबरोबर घ्यायची असं ठरलं आणि संकलनाची नोंद होती तशीच राहिली. नवीन गरजेला नवीन दार काढावं, जुन्या दाराची चौकट बदलू नये, हे आम्ही त्या बैठकीत जितक्या वेळा म्हटलं तितकं कधी म्हटलं नसेल.

त्याच कामात बँक खात्याचा प्रश्न निघाला. खातं क्रमांक दिसायला आकडा, म्हणून पलीकडच्या टीमने जेसनमध्ये तो आकडा म्हणूनच ठेवला. पहिलं दुखणं लगेच दिसतं : सुरुवातीची शून्यं गळतात. दुसरं दिसत नाही. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक धरते. त्याच्यापुढे १२३४५६७८९०१२३४५६७ असा सतरा अंकी क्रमांक दिला तर तो १२३४५६७८९०१२३४५६८ होऊन बाहेर पडतो. कुठेही चूक म्हणून संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत, फक्त शेवटचा अंक वेगळा. चाचणीसाठी मुद्दाम असे लांब क्रमांक टाकायची आमची सवय असल्याने ते पैसे जायच्या आधी सापडलं. तेव्हापासून आमचा नियम आहे की ज्या आकड्याची बेरीज करायची नाही तो मजकूर म्हणूनच जाईल. उत्पादक कोड, खातं, बिल्ला, फोन, सगळं.

नावाने आणि प्रकाराने जुळणारी फील्डही अर्थाने जुळत नाहीत, याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे एसएनएफ. डिग्री आणि फॅटवरून एसएनएफ काढायची सूत्रं एकापेक्षा जास्त आहेत. रिचमंडच्या सूत्राने डिग्रीचा चौथा भाग, अधिक ०.२ गुणिले फॅट, अधिक ०.१४. भारतीय मानकाच्या सूत्राने डिग्रीचा चौथा भाग, अधिक ०.२५ गुणिले फॅट, अधिक ०.४४. डिग्री २८ आणि फॅट ४.० घ्या. पहिल्याने ७.९४ येतं, दुसऱ्याने ८.४४. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, कारण लॅक्टोमीटर वेगळे : एक १५.५ अंश सेल्सिअसला जुळवलेला, दुसरा २७ ला. पण गायीच्या दुधाचा दर जिथे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, तिथे अर्ध्या पॉइंटवर भांडणं होतात.

एका संघाने सर्व्हरवर पडताळणी बसवली : आलेल्या डिग्री-फॅटवरून एसएनएफ पुन्हा काढायचं आणि फरक पडला तर नोंद नामंजूर. हेतू चांगला होता. पण सर्व्हरला एकच सूत्र माहीत, आणि खाली संस्थांत दोन तऱ्हेचे लॅक्टोमीटर. सकाळच्या संकलनानंतर फोन सुरू झाले. एक सचिव, वयाने मोठे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, “आवो, मशीन तुमचं, सर्व्हर त्यांचा, म्हस तेवढी आमची. मग चूक म्हशीची म्हणायची काय?” उपाय साधाच होता : नोंदीबरोबर कुठलं सूत्र वापरलं ते सांगणारं एक ऐच्छिक फील्ड. दिलं असेल तर त्या सूत्राने पडताळा, नसेल तर नोंद घ्या आणि खूण करून ठेवा. संघाने ते मान्य केलं आणि तो शिरस्ता आज आमच्याकडे जोडलेल्या सगळ्या संघांना लागू आहे.



आमची खरी परीक्षा मात्र नोंदींच्या साच्यात झाली नाही, जोडणीतच झाली. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, पण दूध संस्थेत एक्सपी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालत राहिला. का बदलावा? रोज बिल निघतंय. पुढे एकेका संघाने सुरक्षेसाठी सर्व्हरवर टीएलएस (इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) १.० बंद करून फक्त १.२ ठेवलं. ते योग्यच होतं. मार्च २०२१ मध्ये तर टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे कालबाह्य ठरले. पण एक्सपीच्या स्वतःच्या घटकांना १.२ येतच नाही. आमच्यापुढे दोन वाटा होत्या : सगळ्या संस्थांना संगणक बदलायला सांगायचं, किंवा विंडोजच्या भरवशावर न राहता ओपनएसएसएल (तीच पद्धत पुरवणारं सॉफ्टवेअर) आमच्या पाठवणी-भागाबरोबरच बांधून द्यायचं. आम्ही दुसरी वाट धरली. संघाचा सर्व्हर म्हणजे एका खोलीतलं एक मशीन, संध्याकाळी बदलून सकाळी सुरू करता येतं. संस्थेचा संगणक बदलायला कमिटीची बैठक, ठराव आणि तीन दरपत्रकं लागतात.

एक्सपीसाठी आम्ही ओपनएसएसएलची १.०.२ ही आवृत्ती बांधली होती, आणि तिच्यामुळेच ३० सप्टेंबर २०२१ ही तारीख आमच्या लक्षात आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणारी संस्था. तिची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावरही टेकलेली होती, त्याची मुदत त्या दिवशी संपत होती. नवं मूळ प्रमाणपत्र आमच्या भरवशाच्या प्रमाणपत्रांच्या यादीत असलं तरी १.०.२ ही आवृत्ती सर्व्हरने पुढे केलेल्या साखळीच्या टोकापर्यंत जाते, तिथे मुदत संपलेलं जुनं मूळ सापडतं, आणि ती जोडणी नाकारते. मुदत संपायची वेळ आपल्याकडच्या घड्याळात संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं, म्हणजे ऐन संकलनात. आणि ३० तारीख म्हणजे दहा दिवसांच्या बिलाचा शेवटचा दिवस. ओपनएसएसएलने त्याच महिन्यात आगाऊ सूचना काढली होती आणि इलाज किरकोळ होता : प्रमाणपत्रांच्या यादीतून ते एक जुनं मूळ काढून टाकायचं. फाइल लहान होती, बहुतेक संस्थांना ती रात्रीच्या पाठवणीबरोबरच उतरवली. जिथे इंटरनेट आठवड्यातून दोनदा लागायचं तिथे आमच्या ऑफिसातला मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन मोटारसायकलवर गेला. त्या संध्याकाळी ऑफिसात आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो होतो. एकच फोन आला, तोही कागदाचा रोल संपला म्हणून.

यातून जुळणी-तक्ता तयार झाला. उभ्या बाजूला आमच्या क्लायंटच्या आवृत्त्या, आडव्या बाजूला प्रत्येक संघाच्या सर्व्हरच्या आवृत्त्या, आणि चौकटीत तीनपैकी एक खूण : चालतं, मर्यादा घालून चालतं, चालत नाही. पहिला तक्ता भिंतीवरच्या फळ्यावर होता. आता तो प्रोग्रॅमच्याच पोटात आहे. क्लायंट सुरू झाला की आधी सर्व्हरला विचारतो, तुझ्याकडे कुठल्या आवृत्त्या आहेत, आणि दोघांना येणारी सगळ्यात नवी निवडतो. ज्या संघांचा सर्व्हर हा प्रश्नच ओळखत नाही, त्यांच्यासाठी मध्ये आमचा एक सर्व्हर बसतो आणि भाषांतर करतो. सगळंच मधल्या सर्व्हरवरून का नेत नाही, असं बरेच जण विचारतात. कारण तो बंद पडला तर एका वेळी सगळ्या तालुक्यांचं दूध अडेल. जिथे थेट जुळतं तिथे आम्ही मध्ये पडत नाही.

संघ नवी आवृत्ती चालू करायच्या आधी आम्ही तालीम घेतो. प्रत्येक जुन्या क्लायंटने प्रत्यक्ष पाठवलेल्या विनंत्या, नावं आणि खाती बदलून, जपून ठेवल्या आहेत. त्या सगळ्या नव्या सर्व्हरवर सोडायच्या आणि आलेली उत्तरं जुन्या उत्तरांशी ताडून बघायची. सर्व्हरवाल्यांना आधी हा आगाऊपणा वाटायचा. आता दोन संघ स्वतःहून तारीख मागतात आणि त्याचे पैसे देतात. पैसे कुणी द्यायचे यावर बरीच ओढाताण झाली. संस्था म्हणायच्या, आम्ही वार्षिक देखभाल भरतो की. संघ म्हणायचे, क्लायंट तुमचा, तुम्ही बघा. आम्ही एवढंच धरून ठेवलं की जो बदल करतो तो खर्च देतो. एक मोठं काम त्यामुळे हातचं गेलं. त्याचं वाईट वाटलं, पण दर बदलला नाही.

जुनी आवृत्ती बंद करायची तर निदान सहा महिने आधी सांगायचं, असा आता संघांशी लेखी करार असतो. सूचना सचिवांच्या पडद्यावर मराठीत येते, पण फक्त ३, १३ आणि २३ तारखेला. बिलाच्या दिवशी आलेली सूचना कुणी वाचत नाही, नुसती बंद करतात.

आज आमच्याकडे नऊ माणसं आहेत, दोघांचं काम फक्त तक्ता आणि तालीम. नवीन क्लायंट विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीवर चालतो. एक्सपीवरच्या संस्था आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, बहुतेक शाहूवाडीच्या वरच्या अंगाला. त्यातल्या दोघींनी संगणक बदलायचा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतलाय. ठराव झाला तर मार्चनंतर तक्त्यातली सगळ्यात वरची, म्हणजे एक्सपीची, ओळ काढू. नाही झाला तर ती तशीच चालू ठेवायचं आम्ही संघाला कळवलं आहे, आणि त्या वर्षाचं बिलही सोबत जोडलं आहे.