एन्व्ह व्हेरिएबल आत घेतानाच त्याला टाइप लावा

एन्व्ह व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याला बाहेरून दिलेलं 'नाव=व्हॅल्यू' असं सेटिंग, आणि ते नेहमी स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर असतं. पायथनमध्ये बूल या ट्रू-फॉल्स ठरवणाऱ्या फंक्शनला "फॉल्स" ही स्ट्रिंग दिली की उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग तिथे खरीच धरतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कोड रिव्ह्यूमध्ये कुठे ना कुठे डीबग (चुका शोधायला सविस्तर माहिती दाखवणारा मोड) नावाचं व्हेरिएबल एन्व्हायर्नमेंटमधून उचलून थेट बूलमध्ये घातलेलं दिसतंच. सर्व्हरवर कोणीतरी आठवणीने डीबग=फॉल्स लिहून ठेवलेलं असतं आणि डीबग मस्त चालू असतो. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये डीबग चालू राहिला तर एरर आली की समोर जो कोणी असेल त्याला अख्खा ट्रेसबॅक (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली ती यादी) दिसतो, लोकल व्हेरिएबल्ससकट. म्हणजे हा बारीकसारीक विषय नाहीये, आणि म्हणूनच यावर जरा सविस्तर लिहितोय.

ऑपरेटिंग सिस्टिमला टाइप वगैरे काही माहीतच नसतं. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये एन्व्हायर्नमेंट आलं आणि अजूनही ते तसंच आहे: नवीन प्रोग्राम सुरू करताना कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) प्रोग्रामचा पाथ, आर्ग्युमेंट्स आणि 'नाव=व्हॅल्यू' अशा स्ट्रिंग्जची एक यादी द्यायची, विषय संपला. इंटिजर, बूलियन, यादी, कालावधी हे सगळं आपण त्या स्ट्रिंगवर नंतर चढवतो, आणि प्रत्येक भाषा ते वेगळ्या पद्धतीने चढवते, खरी डोकेदुखी तिथेच आहे.

समजा चार सर्व्हिसेस आहेत, चार भाषांतल्या (गो, जावा, रस्ट, पायथन), आणि चौघींना एकाच कॉन्फिगमधून एका फ्लॅगची (चालू-बंद सेटिंगची) व्हॅल्यू १ जाते. गोच्या पार्सबूलला १ म्हणजे ट्रू. जावाच्या पार्सबूलियनला फक्त 'ट्रू' हा शब्द चालतो (कॅपिटल स्मॉल कसाही), बाकी काहीही दिलं की गुपचूप फॉल्स, त्यामुळे तिथे १ म्हणजे फॉल्स. रस्टला फक्त स्मॉल अक्षरांतलं ट्रू किंवा फॉल्स हवं, बाकी सगळ्याला एरर. पायथनच्या साध्या बूलला १ पण ट्रू आणि ० पण ट्रू. माझं स्पष्ट मत आहे की यात जावाची रीत सगळ्यात वाईट आणि रस्टची सगळ्यात चांगली, कारण 'येस' लिहिणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं ते जावा विचारत नाही, रस्ट निदान थांबून विचारतं. पायथनमध्ये पूर्वी त्याच्यासोबतच येणाऱ्या डिस्टयुटिल्समधलं, स्ट्रिंगचं ट्रू-फॉल्स करणारं स्ट्रटूबूल लोक वापरायचे, पण २०२३ च्या ३.१२ व्हर्जनमध्ये अख्खं डिस्टयुटिल्सच काढून टाकलं, त्यामुळे आता एकतर लायब्ररी घ्या नाहीतर स्वतः लिहा. स्वतः लिहिणार असाल तर चालणाऱ्या व्हॅल्यूंची छोटी यादी ठेवा आणि यादीबाहेरचं काही आलं तर फॉल्स परत करू नका, एरर फेका.

आकड्यांचं पण तेच. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगला नंबर फंक्शनमधून काढलं की शून्य मिळतं, आणि व्हेरिएबल नसेलच तर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. पार्सइंटला '५,०००' दिलं तर तो स्वल्पविरामापाशी थांबतो आणि ५ देतो, तक्रार नाही काही नाही. आणि नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट त्यातच चालते) सेटटाइमआउटला नॅन गेलं तर तो ते १ मिलिसेकंद धरतो, म्हणजे टाइमआउट द्यायचाच राहिला तर प्रत्येक रिक्वेस्ट जवळपास लगेच टाइमआउट होणार आणि शोधणारा माणूस नेटवर्क तपासत बसणार. एक गंमत आपल्यासाठी खास, पायथनचा इंट आणि जावाचा पार्सइंट हे दोघंही देवनागरी आकडे वाचतात, '१२' दिलं तर नीट बारा मिळतात, पण गो, रस्ट आणि जावास्क्रिप्टला ते वाचता येत नाहीत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि फाइलमध्ये देवनागरी आकडा गेला तर एक सर्व्हिस चालेल आणि शेजारची पडेल.

कालावधीच्या बाबतीत मी हट्टी आहे. टाइमआउट=३० म्हणजे तीस काय, सेकंद की मिलिसेकंद? गोमध्ये पार्सड्युरेशनला '३०एस' किंवा '१एम३०एस' असं युनिटसकट द्यावं लागतं आणि नुसतं ३० दिलं तर एरर येते, हे फार चांगलं केलंय त्यांनी. तुमच्या भाषेत तशी सोय नसेल तर निदान व्हेरिएबलच्या नावात सेकंद का मिलिसेकंद ते लिहा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: व्हेरिएबल नसणं, रिकामं असणं आणि चुकीचं असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गोचं गेटएन्व्ह पहिल्या दोन्हींसाठी रिकामी स्ट्रिंगच देतं, फरक कळायला लुकअपएन्व्ह वापरावं लागतं. पायथनमध्ये लोक 'ऑर' लावून डिफॉल्ट देतात आणि मग मुद्दाम रिकामं ठेवलेलं व्हेरिएबलसुद्धा डिफॉल्टवर जातं. आणि चुकीच्या व्हॅल्यूला डिफॉल्ट तर कधीच लावू नये, कोणीतरी पूल साइझ (किती कनेक्शन्स उघडी ठेवायची तो आकडा) ५० ऐवजी '५ओ' टाइप केलं आणि प्रोग्राम मुकाट १० वर चालू लागला तर ते महिनोन्महिने कोणाला कळणार नाही. डिफॉल्ट फक्त नसलेल्यासाठी, आणि तोही लॉग लेव्हल, पोर्ट असल्या गोष्टींसाठीच. डेटाबेसच्या यूआरएलला लोकलहोस्टचा डिफॉल्ट देऊ नका प्लीज.

तुम्ही स्वतः काहीच चूक केली नाही तरी भलती व्हॅल्यू येऊ शकते, हे कुबरनेटीस (अनेक मशीन्सवर प्रोग्राम चालवणारी सिस्टिम) वापरणाऱ्यांना माहीत असेल. तिथे 'रेडिस' (हा एक डेटाबेस) नावाची सर्व्हिस असली की त्याच नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याच गटात, नंतर सुरू होणाऱ्या पॉड्सना (प्रोग्रामच्या चालू प्रतींना) 'रेडिस अंडरस्कोर पोर्ट' नावाचं व्हेरिएबल आपोआप मिळतं, आणि त्यात ६३७९ हा नुसता पोर्टचा आकडा नसतो तर टीसीपी, आयपी आणि पोर्ट असा अख्खा पत्ता असतो. तुमच्या प्रोग्राममध्येही त्याच नावाचं व्हेरिएबल असेल आणि तुम्ही ते स्वतः सेट केलं नसेल, ६३७९ च्या डिफॉल्टवर विसंबून असाल, तर तिथे हा पत्ता येतो आणि इंटिजर पार्सिंग फुटतं. एनेबल सर्व्हिस लिंक्स हे सेटिंग फॉल्स केलं की हे थांबतं. आणि फुटतं हे चांगलंच आहे हो, स्ट्रिंग म्हणून पुढे सरकलं असतं तर कनेक्शनच्या एररमध्ये ते शोधायला दिवस गेला असता. तसंच कंटेनर चालवणाऱ्या डॉकर रन कमांडला एन्व्ह फाइल (अशी व्हेरिएबल्स लिहिलेली फाइल) दिली तर तो कोट्स काढत नाही, व्हॅल्यूभोवती कोट्स घातले तर ते व्हॅल्यूचाच भाग होतात, पण डॉकर कंपोज त्याच फाइलमधले कोट्स काढतो. सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त व्हॅल्यू) बेस६४ या एन्कोडिंगमध्ये बदलताना साध्या एको कमांडने मागे न्यूलाइन चिकटते आणि पासवर्ड 'बरोबर असूनही' चालत नाही, हे तर किती टीम्समध्ये बघितलंय.

यावर करायचं ते सोपं आहे. प्रोग्राममध्ये एकच जागा ठेवा जिथे एन्व्हायर्नमेंट वाचलं जातं, तिथे सगळ्या व्हॅल्यू टाइपमध्ये बदला, एक सेटिंग्ज ऑब्जेक्ट बनवा जो नंतर बदलता येणार नाही, आणि बाकी सगळ्या कोडला तोच द्या. बाकी कोडमध्ये गेटएन्व्ह दिसलं तर लिंटरनेच (कोड तपासणाऱ्या टूलनेच) अडवायला हवं. टेस्ट लिहिणं पण यामुळे किती हलकं होतं, एन्व्हायर्नमेंट पॅच करत बसायला नको, हव्या त्या व्हॅल्यूंचा ऑब्जेक्ट बनवला की झालं. पायथनमध्ये पायडँटिक सेटिंग्ज ही लायब्ररी हे काम छान करते, क्लासमध्ये टाइप लिहिले की वाचणं, बदलणं, तपासणं त्याच्याकडे, फक्त एक लक्षात ठेवा की यादी टाइपचं फील्ड असेल तर त्याला जेसन लागतं, स्वल्पविरामाने जोडलेली होस्टची नावं दिली तर एरर येईल. पासवर्डसाठी त्यात सीक्रेटस्ट्र टाइप आहे, तो प्रिंट केला तरी चांदण्याच दिसतात, लॉगमध्ये पासवर्ड सांडत नाही. लायब्ररी नको असेल तरी हे एका छोट्या फाइलचं काम आहे.

एरर देताना पहिल्या चुकीवर थांबू नका, सगळं तपासून एकदाच सांगा की ही दोन व्हेरिएबल्स नाहीत आणि या तिसऱ्यात आकडा हवा होता. नाहीतर डिप्लॉय करणारा बिचारा एक चूक दुरुस्त करतो, परत डिप्लॉय, मग दुसरी कळते, असं करत अख्खी दुपार जाते.

आणि हे सगळं सुरुवातीलाच व्हायला हवं, गरज पडेल तेव्हा नाही. रोलिंग अपडेटमध्ये (जुने पॉड्स थोडे थोडे करून बदलताना) नवीन पॉड सुरू होतानाच पडला तर तो रेडी होत नाही आणि ट्रॅफिक जुन्याच पॉड्सकडे राहतं, युजरला काही कळत पण नाही. पण एखादं व्हेरिएबल फक्त महिनाअखेरच्या इनव्हॉइस जॉबमध्ये वाचलं जात असेल तर डिप्लॉय हिरवं दिसणार, सगळे घरी जाणार आणि ३१ तारखेला रात्री जॉब पडणार, तोवर तो बदल कोणी आणि का केला होता हेही कोणाला आठवत नसणार. त्यामुळे त्या जॉबची व्हेरिएबल्ससुद्धा त्याच सेटिंग्ज ऑब्जेक्टमध्ये घ्या, आणि सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) प्रॉडक्शनची नॉन-सीक्रेट कॉन्फिग फाइल आणि सीक्रेट्सच्या जागी खोट्या व्हॅल्यू घेऊन नुसता तो ऑब्जेक्ट बनवून बघणारी एक स्टेप टाका, काही सेकंदांचं काम आहे.