लाल रंग नेमका केव्हा लागावा?

कपाशीतल्या कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधासारख्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांत) रात्रीतून गुलाबी बोंडअळीचे किती पतंग अडकले, याच्या नोंदी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही काही शेतकरी मिळून ठेवतो, आणि त्यांचा तक्ता मी आर या संगणकीय भाषेतील डीटी या तक्ते बनवणाऱ्या पॅकेजने बनवतो. तो ब्राउझरमध्ये उघडतो, त्यात आपला सापळा शोधता येतो आणि पतंग धोक्याच्या पातळीला पोचले की त्यांचा चौकोन लाल होतो. ओळी कोणत्याही क्रमाने लावल्या तरी रंग आपापल्या ओळीबरोबरच राहतो, कारण तो हाताने भरलेला नसून नियमाने ठरलेला असतो.

हा नियम लिहिणे मात्र दिसते तितके सोपे नाही. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा अधिक पतंग आढळले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा विचार करावा अशी पातळी, गाठली असे समजावे, अशी शिफारस आहे. आकड्यांच्या गटांनुसार रंग देणाऱ्या डीटीमधील ‘स्टाइलइंटरव्हल’ या फंक्शनला ८ हा आकडा दिला की काम झाले असे वाटते, परंतु हे फंक्शन दिलेला आकडा खालच्या गटात धरते, त्यामुळे नेमके ८ पतंग असलेला चौकोन पांढराच राहतो. पतंग पूर्णांकातच मोजले जात असल्याने तिथे ७ लिहावे.

खरी अडचण ३ रात्रींची आहे. एकाच रात्रीच्या आकड्यावरून चौकोन लाल झाला, तर तक्ता पाहणारा शेतकरी पंप पाठीवर घेतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली आहेत, तेव्हा विनाकारण सुचवलेली एक फवारणीही मला क्षुल्लक वाटत नाही. म्हणून ही अट रंगाच्या नियमात न कोंबता आधी माहितीतच मांडावी: ती रात्र आणि आधीच्या २ रात्री, तिन्ही पातळीवर असतील तरच १ दाखवणारा वेगळा स्तंभ काढावा, तो लपवावा आणि चौकोनांना रंग देणाऱ्या ‘फॉरमॅटस्टाइल’ या फंक्शनच्या ‘व्हॅल्यूकॉलम्स’ या पर्यायातून पतंगांच्या स्तंभाचा रंग त्याच्यावर सोपवावा.

हा स्तंभ काढताना वापरले जाणारे ‘लॅग’ हे फंक्शन मागची ओळ बघते, मागची तारीख नव्हे. पावसामुळे एखाद्या रात्रीची नोंदच झाली नसेल, तर मध्ये खंड पडलेल्या रात्रीही त्याला सलग दिसतात. त्यासाठी आरच्याच ‘टायडीआर’ या पॅकेजमधील ‘कम्प्लीट’ या फंक्शनने सुटलेल्या तारखांच्या ओळी आधी घालून घ्याव्यात, आणि त्यांत पतंगांची जागा रिकामीच ठेवावी, शून्य भरू नये. सापळा पाहिला आणि पतंग नव्हता, ही नोंद आहे. सापळा पाहिलाच नाही, ही नोंद नव्हे.

लाल रंग काहींना नीट ओळखता येत नाही, म्हणून शेजारच्या स्तंभात ‘पातळी गाठली’ असे शब्दांतही लिहावे.