चार खुंट्या आणि एक दोरा

पहिल्या वर्षी कार्यशाळेत आम्ही सगळ्यांनी रडणारी पृथ्वी काढली होती. गोल चेहरा, गालांवर दोन टपोरे थेंब, तोंडात थर्मामीटर, कपाळावर ओली पट्टी. काहींनी कुऱ्हाड काढली, आणि एकाने तर कुऱ्हाडीलाच रडवलं होतं. मंडळाच्या पत्रकात निसर्ग आणि कला असे दोन शब्द शेजारी-शेजारी आले होते. त्यावरून घोषवाक्यांची चित्रं काढायची असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. चित्रकलेच्या बाईंनी सगळे कागद शांतपणे पाहिले, गठ्ठा नीट केला आणि कपाटावर ठेवून दिला.

"छान आहेत. आता यातलं तुम्ही स्वतः पाहिलेलं काय आहे, ते सांगा."

कुणीच बोललं नाही. मग बाईंनी पिशवीतून दोऱ्याचं रीळ आणि लाकडी खुंट्या काढल्या आणि आम्हाला शाळेच्या मागे नेलं.

मंडळ आमच्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं. वर्षातून एकदा चार दिवस, पानगळीच्या सुमारास, शाळेमागच्या मोकळ्या जागेत ही कार्यशाळा भरते. शाळेतली मुलं, शिकून बाहेर पडलेले, त्यांचे आईवडील, निवृत्त झालेले दोन-चार काका असा सगळा गोतावळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नववीत होते. नंतर नोकरी लागली, गाव बदललं, पण ते चार दिवस सहसा चुकवले नाहीत. एक वर्ष मात्र सगळ्यांचंच चुकलं, त्याबद्दल पुढे येईल.

तर, प्रत्येकाला चार खुंट्या आणि दोरा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायचा. आत जे असेल ते तुमचं. पहिला अर्धा तास पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं. माझ्या वाट्याला आलं वाळकं गवत, पाचोळा आणि अर्धवट पुरलेला एक दगड. शेजारच्या मुलीच्या चौकोनात मुंग्यांचं वारूळ, पलीकडे कुणाकडे रानफुलं, आणि मला दगड! पहिली दहा मिनिटं मी रुसून बसले. पुढची दहा पाय चोळण्यात गेली. मग दुसरं काहीच करायला नाही म्हणून दगडाकडे पाहिलं, तर त्याच्यावर राखाडी-हिरव्या रंगाचा, कडा दुमडलेला, तळहाताएवढा एक गोल चिकटलेला. मला वाटलं, कुणीतरी रंग सांडलाय.

"दगडफूल आहे ते," जीवशास्त्राचे सर मागून म्हणाले. ते फूल नाही, झाड नाही, धड एक जीवसुद्धा नाही. एक बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल असा तो जोडसंसार. शैवाल उन्हातून अन्न तयार करतं, बुरशी त्याला घर देते, ओल धरून ठेवते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे मांडलं तेव्हा दगडफुलांच्या तत्कालीन अभ्यासकांनी त्यांची टिंगल केली होती म्हणे. एवढं सांगून सर पुढच्या चौकोनाकडे गेले. बाईंनी मला पारदर्शक कागद दिला. "कड गिरवून घे. खाली तारीख घाल."

त्या एका 'तारीख घाल'मध्ये पुढची सगळी वर्षं होती, हे तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या वर्षी गेलो तर बाईंकडे प्रत्येकाच्या नावाची फाइल तयार, आणि खुंट्या पुन्हा त्याच जागी. आम्ही कुरकुरलो. नवीन जागा द्या, नवीन काहीतरी शिकवा. बाईंचं उत्तर ठरलेलं असे: "मागच्या वर्षीचा कागद काढ आणि काय बदललंय ते मला दाखव."

जमिनीवर चौकोन आखून आतलं सगळं मोजायचं हे शास्त्रज्ञांचंच जुनं काम. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १८९८ मध्ये ते रीतसर मांडलं. यातले पाउंड पुढे कायद्याकडे वळले आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. ही माहिती आमच्या एका निवृत्त काकांना भलतीच आवडली. ते स्वतः आयुष्यभर आकडेमोडीच्या नोकरीत होते. चित्र काढायला सांगितलं की ते आधी मोजून घेत: पानं इतकी, त्यातली किडलेली इतकी, मुंग्या 'अंदाजे, कारण स्थिर नाहीत'. त्यांच्या चित्रांच्या कडेला आकड्यांची रांगच असायची. बाईंनी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

सगळ्यात धमाल दिवस निळ्या छपाईचा. खोलीच्या खिडक्या बंद करायच्या, दोन रसायनं पाण्यात वेगवेगळी विरघळवून समप्रमाणात एकत्र करायची: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. नावं ऐकून आया घाबरायच्या. सर हातमोजे वाटत फिरायचे. ते पिवळसर हिरवं पाणी ब्रशने कागदाला लावून अंधारात वाळवायचं. मग कागदावर गळलेलं पान ठेवायचं, वर काच, आणि पळत पळत उन्हात. कागद आधी हिरवट, मग राखाडी-करडा होत जातो. शेवटी पाण्यात धुतला की जिथे ऊन लागलं तिथे गडद निळा आणि पानाच्या जागी पांढरंशुभ्र पान, शिरांसकट. दर वर्षी तोच प्रकार, आणि दर वर्षी पाण्यातून कागद वर येताना पोराटोरांसह काकांचाही 'आऽऽ' निघायचाच.

ही रीत इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढे इमारतींचे निळे नकाशे याच रीतीने छापले जाऊ लागले. पण बाई हर्शेल यांच्यापेक्षा अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांच्याबद्दल जास्त बोलायच्या. इंग्लंडमधल्या या बाईंना समुद्रशैवालांचा अभ्यास होता. इतक्या बारीक गोष्टींची अचूक चित्रं हाताने काढणं कठीण, म्हणून त्यांनी शैवालच कागदावर ठेवून उन्हाकडून छापून घेतलं. १८४३ पासून जवळजवळ दहा वर्षं त्या एकेक भाग काढत राहिल्या. मजकूरसुद्धा त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्यात. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याची नोंद घेतली जाते. "उन्हाला पेन्सिल धरायला लावली त्यांनी," बाई म्हणायच्या, आणि एवढं म्हणून त्यांचं स्वतःचं पान हमखास वाकडं पडायचं.

एका वर्षी छपाईच्या दिवशी ढग आले. सगळ्यांचे कागद फिके, जणू निळीच्या पाण्यात बुडवून काढलेले. काकांच्या काचेखालचं नेच्याचं पान तर वाऱ्याने मध्येच सरकलं आणि छापात दोन पानं उमटली, एक ठळक, एक भुतासारखं. काकांनी कागदाखाली लिहिलं, 'नेचा, नग १, हललेला.' तो कागद आजही त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

कोळसा करण्याचा दिवस मात्र आमच्या अधीरपणाने बुडाला. काड्या पत्र्याच्या बंद डब्यात भरायच्या, झाकणाला एक भोक, डबा विस्तवावर. भोकातून येणारा धूर थांबला की उतरवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. आम्ही उघडला. हवा लागली आणि आतल्या तापल्या कोळशाने जो पेट घेतला, त्यातून चित्र काढण्याजोगं काही उरलं नाही, चिमूटभर राख तेवढी मिळाली.

मातीच्या रंगांचं तसं झालं नाही. चौकोनातली मूठभर माती वाळवायची, कुटायची, कापडातून गाळायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची. एकाच मैदानातल्या वीस चौकोनांतून वीस छटा निघाल्या तेव्हा आम्ही चाटच पडलो. मग सरांनी पिवळी माती पत्र्यावर टाकून तापवली. बघता बघता तिचा रंग तांबूस होत गेला. पिवळ्या मातीतल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं. आचेने ते निघून जातं आणि लाल खनिज उरतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांतले लाल-पिवळे प्राणी अशाच लोहाच्या मातीने रंगवलेले आहेत, काळा तेवढा मँगॅनीजचा. त्यानंतर दुकानातून आणलेला रंगांचा डबा उघडायची कुणाला हौस उरली नाही. निदान त्या चार दिवसांत तरी नाही.

एक कबूल करायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही निसर्गावर प्रेम करता करता झाडं ओरबाडली. छापासाठी पानं हवीत, माळेसाठी बिया हव्यात, रंगांच्या उतरंडीसाठी पाकळ्या हव्यात. तिसऱ्या दिवसापर्यंत कुंपणालगतची झुडपं पार बोडकी. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी झुडपाखाली सतरंजी अंथरली आणि त्या दिवशीचं चित्र म्हणून आम्हाला ती झुडपं काढायला बसवलं. पुढच्या वर्षीपासून नियम आला: खाली पडलेलं घ्यायचं, झाडावरचं नाही. तो नियम कुठेच लिहिलेला नव्हता, तरी मोडलेला मला आठवत नाही.

आणि एक वर्ष बक्षिसांचं. मंडळाच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांना वाटलं, कार्यशाळेला जरा वजन यावं. परीक्षक आले, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक ठरला, बिल्ले छापले. त्या चार दिवसांत चौकोनात कुणी अर्धा तास नुसतं बसलं नाही. सगळ्यांना 'विषय' हवा होता. रडणारी पृथ्वी परत आली, या वेळी जलरंगात. मला उत्तेजनार्थ मिळालं आणि त्याची लाज अजून वाटते, कारण त्या वर्षीचा माझा दगडफुलाचा कागद मी घाईत, कड नीट न बघता गिरवलेला आहे. फाइलमध्ये तो एक आकार बाकीच्यांपेक्षा वेगळाच फुगलेला दिसतो. पुढच्या वर्षी बिल्ले गेले. ते कुणी घालवले ते अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नाही, पण बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी फार निरागस भाव होते.

आवाजांचा नकाशा माझा सगळ्यात लाडका. कागदाच्या मध्यावर फुली, म्हणजे आपण. डोळे मिटून बसायचं आणि जिकडून आवाज येईल तिकडे कागदावर खूण करायची. कावळा कसा दाखवायचा, वारा कसा दाखवायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका छोट्या मुलाने स्वतःच्या पोटातली गुरगुरसुद्धा फुलीजवळ नोंदवली होती, आणि सरांनी तिला 'जैविक' या रकान्यात बसवलं.

सरांनीच त्या दिवशी बर्नी क्राउस यांची गोष्ट सांगितली. मूळचे संगीतकार, पुढे रानातले आवाज टिपण्यात आयुष्य घालवलेले. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. तिथे निवडक झाडंच तोडणार, रानाला धक्का लागणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. क्राउस यांनी तोडीआधी, १९८८ मध्ये, तिथली पहाट ध्वनिमुद्रित केली आणि वर्षाने त्याच सुमारास पुन्हा त्याच जागी जाऊन बसले. फोटोत कुरण जसंच्या तसं. ध्वनिमुद्रणात मात्र ओढ्याचं पाणी आणि एका सुतार पक्ष्याची टकटक, बाकी पाखरांचा गलबला जवळजवळ संपलेला. हे ऐकल्यावर आमच्यातले काही जण उठले आणि कपाटातून मागच्या वर्षीचे आवाजांचे नकाशे काढून आणायला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या नकाशांत बेडकाची खूण सलग चार वर्षं होती, पाचव्या वर्षी नव्हती. मागच्या डबक्यावर दरम्यान फरशी झाली होती. ती फरशी आमच्यातल्या कितीतरी जणांनी रोज तुडवली होती.

काकांच्या चौकोनात एक रोप आपणहून उगवलं होतं. पहिल्या वर्षीच्या चित्रात ते आहे: 'रोप, पानं ४'. पाचव्या-सहाव्या वर्षी पानं मोजणं त्यांनी सोडून दिलं. बाईंनी तेव्हा कलावंत योझेफ बॉइस यांचं काम सांगितलं. जर्मनीतल्या कासेल शहरात १९८२ मध्ये त्यांनी बसाल्टचे ७००० दगड रचून ठेवले. एक झाड लावायचं, ढिगातला एक दगड त्याच्याशेजारी उभा करायचा. ढीग संपला १९८७ मध्ये. बॉइस स्वतः १९८६ मध्येच गेले होते, शेवटचं झाड त्यांच्या मुलाने लावलं. "सुरुवातीला दगड मोठा दिसतो," बाई म्हणाल्या, "मग झाड." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेप काढून त्यांनी खोडाचा घेर मोजला. त्या झाडाची सावली आता माझ्या दगडावरही पडते.

यंदा माझ्या फाइलमध्ये सोळा कागद आहेत. त्यातला २०२० चा कोरा. त्या वर्षी कुणीच घराबाहेर पडलं नाही, पण बाईंनी प्रत्येकाच्या फाइलमध्ये तारीख घालून एकेक कोरा पारदर्शक कागद लावून ठेवला होता. बाईंना आता खाली बसता येत नाही, खुर्ची टाकून बसतात. मलाही वर्षभर तिकडे येणं होत नाही, म्हणून यंदा माझा चौकोन पाचवीतल्या एका मुलीला दिला. तिने फाइल मागितली आणि सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. गोलात गोल, वर्षाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरने बाहेर सरकलेले. बक्षिसांच्या वर्षीचा तेवढा वेडावाकडा.

"ताई, हा कोरा कोणी सोडला?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग २०१९ चा कागद आणि २०२१ चा कागद एकावर एक जुळवले, वर तो कोरा ठेवला आणि दोन रेघांच्या बरोबर मधून तुटक तुटक रेघ काढत गेली. जीभ दातांत धरून. खाली लिहिलं, 'अंदाजे'. आणि तो कागद घेऊन बाईंच्या खुर्चीपाशी गेली.

बाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिला. "पेन्सिलीनंच काढलंयस ना?"

"हो."

"मग राहू दे. यंदाचा गिरवलास का?"

ती दगडाकडे पळाली.